पिल्ग्रिम नुकतेच आले होते, मग तिस्क्वांटमला इंग्रजी आधीच कसं येत होतं?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी आम्ही मॅसॅच्युसेट्सला राहायला आलो. मुलगी पाचवीत आहे आणि तिला प्लिमथच्या वसाहतीवर प्रकल्प करायचा आहे. शाळेतून एक पान आलंय, त्यातली गोष्ट थोडक्यात अशी: १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून पिल्ग्रिम लोक (धर्माच्या कारणाने इंग्लंड सोडलेले वसाहतवाले) आले, पहिल्या हिवाळ्यात त्यांचे फार हाल झाले, मग स्क्वांटो नावाचा एक इंग्रजी बोलणारा मित्र भेटला, त्याने मका लावायला शिकवलं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मेजवानी केली.

काल जेवताना मुलीने विचारलं, "आई, हे लोक नुकतेच जहाजातून उतरले होते ना? मग त्याला इंग्रजी कोणी शिकवलं?" मला काही सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न तिने आज सकाळी बसथांब्यावर विचारला. त्या पानावर लिहिलंय की वसाहतीला "साफ केलेली शेतजमीन" मिळाली. ती कोणी साफ केली होती?

आणखी एक. मी लहानपणापासून "रेड इंडियन" म्हणत आलेय. मुलगी म्हणते तसं म्हणायचं नाही. तिला वर्गात "तू कुठली इंडियन?" असं विचारतात, त्यामुळे या शब्दाबद्दल ती हळवी आहे. मग मराठीत काय म्हणायचं?

खारावारा:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. न्यूफाउंडलंडच्या आसपासच्या समुद्रात कॉड मासा अमाप. त्यासाठी युरोपातली मच्छीमार जहाजं मेफ्लॉवरच्या आधी शंभर वर्षांपासून येत होती. किनाऱ्यावरच्या लोकांशी त्यांचा व्यापार चालायचा: फर द्या, भांडी-सुऱ्या घ्या. मार्च १६२१ मध्ये वसाहतीत सरळ चालत येऊन इंग्रजीत स्वागत करणारा समोसेट असाच मच्छीमारांकडून चार शब्द शिकला होता. स्क्वांटोचंही तसंच असणार.

जमिनीचं म्हणाल तर तिथे आधी मोठी साथ येऊन गेली होती, माणसं उरली नव्हती. जमीन रिकामी होती, ती यांनी वापरली. यात कोणाचा दोष काढण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

कणीसवाली:

निळीशाई ताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी एकोणीस वर्षं प्लिमथपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते आणि हाच प्रश्न मला पडायला त्यातली आठ वर्षं गेली. जरा सविस्तर लिहिते, कारण खारावारा यांच्या "तसंच असणार" पाशी मला थांबवत नाही.

समोसेटचं इंग्रजी मच्छीमारांकडून आलं, हे बरोबर. तिस्क्वांटमचं मात्र तसं नाही. (स्क्वांटो हे त्याच्या नावाचं इंग्रजांनी केलेलं लहान रूप. प्रकल्पात पूर्ण नाव लिहा.) त्याला पळवून नेलं होतं.

१६१४ साली कॅप्टन जॉन स्मिथ या किनाऱ्यावर मोहीम घेऊन आला होता. त्याच्यासोबत दुसरं जहाज होतं, त्याचा कप्तान थॉमस हंट. स्मिथ परत गेल्यावर हंट मागे राहिला. व्यापाराच्या बहाण्याने त्याने पटक्सेट गावातले वीसेक लोक जहाजावर बोलावले आणि खाली कोंडले. मग केप कॉडला जाऊन नॉसेट लोकांमधले आणखी सात जण धरले आणि स्पेनमधल्या मालागा बंदरात त्यांना विकायला काढलं. काहींना तिथल्या ख्रिस्ती साधूंनी विक्रीतून सोडवून स्वतःकडे ठेवून घेतलं. तिस्क्वांटम तिथून पुढे लंडनला पोचला आणि जॉन स्लेनी या व्यापाऱ्याच्या घरी राहिला. न्यूफाउंडलंडच्या वसाहतीत पैसा घालणाऱ्या कंपनीचा हा खजिनदार. इंग्रजी तो तिथे शिकला. पुढे न्यूफाउंडलंड, आणि १६१९ मध्ये थॉमस डर्मर नावाच्या कप्तानासोबत अखेर घरच्या किनाऱ्यावर.

गेल्यापासून पाच वर्षांनी माणूस घरी आला, तर गावात कोणीच नव्हतं.

१६१६ ते १६१९ या काळात या किनाऱ्यावर साथ पसरली होती. काही गावांत दहातले नऊ गेले असा अंदाज आहे. पुरायला माणसं उरली नव्हती. १६२१ च्या उन्हाळ्यात वसाहतीतले दोघे आतल्या भागात गेले, तेव्हा कवट्या आणि हाडं तशीच उघड्यावर पडलेली त्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली.

आता तुमच्या लेकीचा दुसरा प्रश्न. पटक्सेट कुठे होतं? तेच आजचं प्लिमथ. डिसेंबर १६२० मध्ये वसाहतवाल्यांनी ती जागा निवडली ती याच कारणाने की तिथे गोड्या पाण्याचा ओढा होता, झाडं आधीच तोडलेली होती आणि मक्याची शेतं पूर्वीपासून कसलेली होती. म्हणून "जमीन रिकामी होती" हे वाक्य मी आता उच्चारत नाही. ते तीन-चार वर्षांपूर्वी माणसांनी भरलेलं गाव होतं. त्या गावात जन्मलेला एक जण जिवंत होता आणि त्यालाच त्या शेतात मका कसा लावायचा हे परक्यांना शिकवावं लागलं. शाळेच्या पानावर या सगळ्याचं "मित्र भेटला" एवढंच झालं आहे.

आणखी एक गोष्ट मला खुपते. जॉन स्मिथने १६१६ मध्ये या किनाऱ्याचा नकाशा छापला. त्याआधी त्याने राजपुत्र चार्ल्सला विनंती केली की स्थानिक नावं काढून इंग्रजी नावं द्यावीत. राजपुत्राचं वय पंधरा, त्याने हा किनारा कधी पाहिलेला नाही. त्याने दिलेल्या नावांत "प्लिमथ" आहे. म्हणजे मेफ्लॉवर निघायच्या चार वर्षं आधीच कागदावरून पटक्सेट पुसलं गेलं होतं.

आता पेवाची गोष्ट, कारण प्रकल्पात चित्र काढायचं असेल तर मी हेच काढायला सांगेन.

नोव्हेंबर १६२०. प्लिमथला पोचायच्या आधी मेफ्लॉवर केप कॉडच्या टोकाशी नांगर टाकून होतं. काही जण बंदुका घेऊन किनाऱ्यावर चालत निघाले. एका ठिकाणी त्यांना वाळूचे ढीग दिसले, हाताने थापटून नीट केलेले. त्यांनी खणलं. आत जुनी छोटी टोपली निघाली. आणखी खणलं तर एक मोठी नवी टोपली, गोल, तोंडाशी निमुळती, त्याच वर्षीच्या मक्याने भरलेली. त्यात छत्तीसेक अख्खी कणसं होती: काही पिवळी, काही लाल, काहींत निळे दाणे मिसळलेले. दोन माणसांनी मिळून उचलावी इतकी जड. हे सगळं त्यांनी स्वतःच कौतुकाने लिहून ठेवलंय. जवळच कुठल्याशा जहाजावरची मोठी किटली पडली होती. ती त्यांनी मक्याने भरली, खिसे भरले आणि निघाले. थोड्या दिवसांनी परत येऊन आणखी पेवं उकरली. त्या फेरीत थडगीही उघडली.

मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा "थापटून नीट केलेले" इथेच अडकले. कोणीतरी बाई गुडघ्यांवर बसून ती वाळू थापटत असेल. (या लोकांत शेती बायका करायच्या.) अख्खी कणसं वेगळी ठेवली होती, म्हणजे बियाणं. बियाणं कोणी रस्त्यावर टाकून जात नाही. ते घरातल्या उपाशी पोराच्याही हाती लागू देत नाहीत.

वसाहतवाल्यांनी पुढच्या वर्षी नॉसेट लोकांना या मक्याची भरपाई दिली. त्यांच्या पदरात हे टाकायला हवं आणि मी टाकते. पण हंटने ज्यांची सात माणसं पळवली तेच हे लोक. डिसेंबर १६२० मध्ये केप कॉडच्या किनाऱ्यावर त्यांनी बाण सोडले, ते आपल्या मुलांना "पहिला हल्ला" म्हणून सांगतात. आधी माणसं नेली, मग बी नेलं, थडगी उकरली. बाण त्यानंतर आले. क्रम महत्त्वाचा आहे, खारावारा.

आणि हे लोक भोळे होते असंही मुलीला सांगू नका. वाम्पानोग लोकांचा प्रमुख उसामेक्विन (मॅसासॉइट हे त्याचं नाव नव्हे, पद आहे) याने मार्च १६२१ मध्ये वसाहतीशी करार केला, तो हिशेब करून. साथीने त्याची माणसं संपवली होती. पश्चिमेला शेजारी नॅरागॅन्सेट लोक, त्यांना या साथीची झळ लागली नव्हती आणि ते त्याच्यावर वरचढ झाले होते. त्याला बंदुकांची सोबत हवी होती. त्या वेळी मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांतले निम्मे हिवाळ्यात मेले होते. मनात आणलं असतं तर उसामेक्विनने त्यांना एका दिवसात संपवलं असतं. त्याने ते केलं नाही, हा त्याचा निर्णय होता. तिस्क्वांटमसुद्धा दोन्हीकडच्या मधे उभा राहून स्वतःचं वजन वाढवायला बघत होता. त्यावरून १६२२ मध्ये उसामेक्विनने त्याला ताब्यात मागितलं होतं, त्याला मारण्यासाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिस्क्वांटम तापाने गेला. गाव, माणसं, सगळं हरवलेला माणूस स्वतःसाठी जागा शोधत होता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, राग येत नाही.

मका लावण्याबद्दल. आमच्या गावातल्या सामुदायिक बागेत माझा एक तुकडा आहे. तिथे मी चार वर्षं इथल्या पद्धतीने मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतेय. पहिल्या वर्षी तिन्ही बिया एकाच दिवशी टाकल्या. मका गुडघ्याएवढा झाला नाही तोच घेवड्याने त्याला विळखे घातले आणि जूनच्या एका पावसात सगळं आडवं. बागेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं तेव्हा कळलं: मातीचे उंचवटे करायचे, हातभर अंतर सोडून. प्रत्येकात चार-पाच दाणे. मका वीतभर झाला की त्याच्या बुडाशी घेवडा. आणखी आठवड्याने मधल्या जागेत भोपळा. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची पानं माती झाकतात, ओल टिकते, तण येत नाही. आणि त्याच्या देठांची लव इतकी बोचरी असते की मी ऑगस्टमध्येसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट घालून आत शिरते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांतून आलंय. मुळात मका हेच माणसाने घडवलेलं पीक आहे. मेक्सिकोतल्या एका गवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी निवडत निवडत तो तयार केला.

१६२१ मध्ये वसाहतीने वीस एकरांवर मका लावला आणि सहा एकरांवर इंग्लंडहून आणलेले बार्ली आणि वाटाणे. मका उत्तम आला. बार्ली बरी. वाटाणा फुलात असतानाच उन्हाने करपला. त्या शरद ऋतूतल्या मेजवानीला उसामेक्विन नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस ते राहिले. जेमतेम पन्नास इंग्रज आणि नव्वद वाम्पानोग, हे चित्र शाळेच्या पानावर उलटं असतं. तेवढं तरी मुलीला बरोबर काढू द्या.

शब्दाबद्दल: शक्य तिथे लोकांचं स्वतःचं नाव वापरा. इथे "वाम्पानोग", म्हणजे पहाटेच्या उजेडाकडचे लोक. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं तर "अमेरिकेतले मूळ रहिवासी" पुरेसं आहे.

नदीकाठ:

मी सेंट लुईसला असतो. कणीसवाली ताईंशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. नाहीतर असं वाटेल की युरोपीय येईपर्यंत इथे सगळी छोटी गावंच होती आणि इतिहास १४९२ ला सुरू झाला.

आमच्यापासून मिसिसिपी ओलांडली की कहोकिया आहे. साधारण १०५० ते १३५० या काळातलं शहर. भरात होतं तेव्हा तिथे दहा ते वीस हजार लोक असावेत. मधला मोठा मातीचा चौथरा सुमारे शंभर फूट उंच आहे. ओझ्याला जनावर नाही, चाकाची गाडी नाही, सगळी माती माणसांनी टोपल्यांनी वाहिली. कोलंबसाच्या शंभरेक वर्षं आधीच हे शहर ओस पडलं होतं. म्हणजे या लोकांच्या इतिहासात चढउतार, भांडणं, स्थलांतरं सगळं होतं, युरोपीयांशिवायही.

सेंट लुईस शहराचं जुनं टोपणनावच "टेकाडांचं शहर". नदीच्या या बाजूलाही अशी टेकाडं होती. त्यांतलं सगळ्यात मोठं १८६९ मध्ये पाडलं आणि माती रेल्वेच्या भरावाला वापरली. आता शहरात एकच उरलंय, त्याचा एक भाग २००९ मध्ये ओसेज लोकांनी स्वतः विकत घेतला. मी आठवड्यातून दोनदा त्या बाजूने गाडी चालवत जातो. पूर्वी माहीत नव्हतं, आता दर वेळी मान वळते.

खारावारा:

हंटचं प्रकरण मला माहीत नव्हतं. "तसंच असणार" हे घाईने लिहिलं, मागे घेतो. पण एक विचारतो. एवढा संहार मुख्यतः रोगांनी झाला ना? रोग कोणी मुद्दाम आणले नव्हते.

कणीसवाली:

१६१६ ची साथ मुद्दाम आणलेली नव्हती, मान्य. पण साथीनंतर माणसं पुन्हा सावरतात, जर जमीन, बियाणं आणि पोरंबाळं त्यांच्याजवळ राहिली तर. इथे तेच राहू दिलं नाही. १६३७ मध्ये कनेटिकटमधल्या मिस्टिक इथे पीकॉट लोकांचं तटबंदीचं गाव पहाटे पेटवून दिलं, शेकडो माणसं, बायका-मुलांसकट. ते काही रोगाने झालं नाही. आणि करार करणाऱ्या उसामेक्विनचाच मुलगा मेटाकॉम. वसाहतीची गुरं वाम्पानोगांच्या शेतांत घुसत होती, जमिनी एकेक करून जात होत्या, शेवटी १६७५ मध्ये लढाई पेटली. १६७६ मध्ये तो मारला गेला. त्याचं डोकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं आणि ते वीस वर्षांहून जास्त तिथे होतं. त्याच्या बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलाला पकडलं होतं, त्यांना गुलामगिरीत विकलं. ज्या गावाला बापाने जगवलं, त्याच गावात मुलाचं डोकं. हे पाचवीतल्या मुलीला सांगायचं का, ते आईने ठरवावं. मी माझ्या मुलाला सातवीत सांगितलं.

निळीशाई:

ताई, तुमचं उत्तर मी मुलीला मराठीत वाचून दाखवलं, अधूनमधून थांबत. मेटाकॉमचा भाग वगळला. टोपलीचं चित्र काढायला ती लगेच बसली. तिने विचारलंय: हे लोक आता कुठे आहेत? की सगळे गेले?

कणीसवाली:

तिला आधी हे सांगा की गेलेले नाहीत. केप कॉडवर मॅशपी इथे आहेत, मार्थाज व्हिनयार्ड बेटावर अक्विना इथे आहेत. मॅशपी वाम्पानोगांना केंद्र सरकारची मान्यता मिळायला २००७ उजाडलं.

आणि भाषेची गोष्ट सांगा, ती मुलांना आवडते. त्यांची भाषा बोलणारं शंभरहून जास्त वर्षं कोणी उरलं नव्हतं. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड या मॅशपीच्या बाईंनी ती परत आणायचं काम सुरू केलं. आधार कशाचा, तर १६६३ मध्ये केंब्रिजला त्यांच्या भाषेत छापलेल्या बायबलचा. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने लोकांचं धर्मांतर करायला ते केलं होतं. त्याच्या छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्यांत जेम्स प्रिंटर हा निपमक माणूस होता. त्याशिवाय वाम्पानोग लोकांनी स्वतः त्या भाषेत लिहिलेले जमिनीचे दस्तऐवज आणि पत्रं होती. बेअर्ड बाईंनी एमआयटीत जाऊन भाषाशास्त्र शिकून घेतलं आणि आपल्या मुलीला पहिल्यापासून त्या भाषेत वाढवलं. ती मुलगी कित्येक पिढ्यांनंतरची या भाषेची पहिली जन्मजात बोलणारी.

प्लिमथला मुलीला घेऊन जाणार असाल तर १६२० कोरलेल्या दगडापाशी (पिल्ग्रिम तिथे उतरले असं सांगतात) फार वेळ घालवू नका. समोरच्या टेकडीवर चढा. तिथे उसामेक्विनचा पुतळा आहे. त्याच टेकडीवर १९७० पासून दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या (त्या मेजवानीशी जोडलेल्या सणाच्या) दिवशी इथले मूळ रहिवासी शोकदिन पाळायला जमतात, तसा फलकही आहे. आणि जमलं तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये या. टाउन ब्रुक नावाचा जो ओढा गावातून वाहतो, पटक्सेटचं गोडं पाणी ते हेच, त्यात तेव्हा समुद्रातून हेरिंग मासे चढतात. पिठाच्या जुन्या चक्कीजवळ पुलावर उभं राहिलं की खाली काळ्या पाठींची रांग दिसते, प्रवाहाच्या उलट. तिस्क्वांटमने मक्याच्या खताला घालायला सांगितलेले मासे हेच. सकाळी लवकर या, ऊन पाण्यावर तिरकं असताना जास्त स्पष्ट दिसतात. मी बहुतेक शनिवारी तिथे असते. मुलीला सांगा, निळे दाणे असलेलं एक कणीस मी तिच्यासाठी बाजूला ठेवलंय.